खेळाचा नियम मोडतो कोण?

रायगडच्या किनाऱ्यावर सुटीच्या सकाळी दोन प्रकारची कुत्री एकमेकांसमोर येतात. पहिला प्रकार तेथलाच. अलिबाग-वरसोलीपासून नागाव-रेवदंड्यापर्यंत, पुढे काशीद-मुरुड आणि त्याही पलीकडे दिवेआगर-श्रीवर्धनपर्यंत, कोळीवाड्यांच्या पुळणीवर ओढून ठेवलेल्या होड्यांच्या सावलीत ही कुत्री जन्माला येतात, मासळीच्या उरल्यासुरल्यावर वाढतात आणि बहुधा तेथेच मरतात. त्यांना धनी नसतो असे म्हणणे तितकेसे खरे नाही. एकाच घरचा धनी नसतो, एवढेच. दुसरा प्रकार मुंबईहून येतो. मार्च २०२० मध्ये भाऊचा धक्का ते मांडवा ही मोटारी वाहून नेणारी रो-रो बोट सुरू झाली आणि पेण-वडखळच्या वळशाने कित्येक तास खाणारा प्रवास तासाभराच्या जलप्रवासावर आला. त्यासरशी मोटारीच्या मागच्या आसनावर बसून लॅब्रेडॉर, बीगल, हस्की, पग अशी नाना जातींची कुत्रीही शनिवारी किनाऱ्यावर उतरू लागली. आठवडाभर सातव्या मजल्यावर कोंडलेल्या जनावराला समुद्र दिसला की धन्याला त्याची दया येते. तो पट्टा सोडतो.

पुढे काय घडते ते किनाऱ्यावर राहणाऱ्या कोणालाही विचारावे. मोकळे सुटलेले ते धष्टपुष्ट जनावर समोर दिसेल त्या कुत्र्याच्या रोखाने सरळ धाव घेते, त्याच्या अंगावर उडी टाकते, खांद्यावर पाय ठेवते. गावचे कुत्रे एकदा मान वळविते, दुसऱ्यांदा गुरगुरते, तिसऱ्यांदा दात लावते. मग आरडाओरडा, दगड, काठी. धनी आपल्या कुत्र्याला उचलून मोटारीकडे नेतो आणि जाताना निकाल देऊन जातो : गावठी कुत्र्यांनी हल्ला केला. ज्या घरात उतरला त्या घरमालकाकडे तक्रार होते, घरमालक ग्रामपंचायतीकडे जातो, आणि केव्हा केव्हा रात्री कोणीतरी कणकेच्या गोळीत घालून विषही देतो. सोमवारी किनारा शांत असतो, होडीखालचे एक कुत्रे कमी झालेले असते.

हा निकाल पुष्कळदा उलटा लागतो. त्या भांडणात नियम मोडणारा पक्ष बहुधा पाहुणा असतो, आणि नियम मोडण्याचा खर्च मात्र यजमानावर पडतो.

कुत्र्यांच्या खेळासारखा विषय या पानावर कशाला, असे एखाद्या वाचकास वाटेल. तथापि गेल्या काही काळात या देशात कुत्र्यांविषयी जेवढे लिहिले-बोलले गेले तेवढे क्वचितच कधी गेले असेल. ११ ऑगस्ट २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या दोन न्यायमूर्तींनी दिल्ली व परिसरातील मोकाट कुत्री उचलून निवाऱ्यांत ठेवण्याचा आदेश दिला. २२ ऑगस्टला तीन न्यायमूर्तींच्या पीठाने तो बदलून, पिसाळलेली व आक्रमक कुत्री वगळता इतरांना नसबंदी व लसीकरणानंतर मूळ जागी सोडावे असे सांगितले. आणि ७ नोव्हेंबरला शाळा, रुग्णालये, बसस्थानके, रेल्वेस्थानके यांच्या आवारांतून त्यांना हलविण्यास फर्माविले. या वादात दोन तट पडले. एक म्हणतो कुत्री हटवा, दुसरा म्हणतो कुत्र्यांना खाऊ घालू द्या. रायगड जिल्ह्यात तर पुतळ्यातल्या कुत्र्यावरूनही तट पडलेले आहेत. किल्ल्यावरील वाघ्याच्या स्मारकाचा वाद २०१२ साली एकदा पेटला आणि २०२५ मध्ये पुन्हा. या सगळ्या गदारोळात एक साधा प्रश्न कोणी विचारलेला दिसत नाही. कुत्री एकमेकांशी कशी वागतात, आणि ते वागणे ती शिकतात कोठे?

त्याचे उत्तर खेळात आहे. दोन ओळखीची कुत्री ओहोटीच्या ओल्या वाळूवर मस्ती करीत असताना अर्धा तास लक्षपूर्वक पाहावे. एकाने पुढचे दोन्ही पाय जमिनीला टेकून छाती खाली केलेली आणि मागचा भाग वर उचलून शेपूट हलविलेली दिसेल. इंग्रजीत या आविर्भावाला वाकून केलेल्या वंदनाचे नाव आहे. मराठीत त्याला मुजरा म्हणावयास हरकत नसावी. अमेरिकेतील प्राणिशास्त्रज्ञ मार्क बेकॉफ यांनी १९९५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात कुत्रे, लांडगा व कोयोट यांच्या खेळातील हे मुजरे मोजले. त्यांना असे आढळले की, ज्या कृतीचा गैरसमज होण्याचा संभव सर्वांत अधिक, म्हणजे तोंडात धरून मान झटकण्याची चावरी कृती, तिच्या लगेच आधी वा नंतर मुजरा विशेष करून घातला जातो. लिहिणारा जसे विरामचिन्ह घालतो तसे कुत्रे मुजरा घालते : आता जे होईल किंवा नुकतेच झाले, तो चावा नव्हे, खेळ आहे.

न्यूयॉर्कच्या बर्नार्ड महाविद्यालयातील अलेक्झांड्रा हॉरोविट्झ यांनी २००९ मध्ये त्यापुढचे पाऊल टाकले. चित्रफितींतील क्षण न् क्षण तपासून त्यांनी दाखविले की, समोरच्याचे तोंड आपल्याकडे असेल तेव्हाच कुत्रे प्रायः मुजरा घालते. तोंड दुसरीकडे असेल तर ते आधी त्याचे लक्ष वेधते. हलकेच ढुशी देते, भुंकते, मध्ये येऊन उभे राहते. आणि मग मुजरा. वर्गात पाठ फिरविलेल्या विद्यार्थ्यांना फळ्यावरचे समजावीत राहणाऱ्या अध्यापकापेक्षा हे जनावर अधिक शहाणे म्हणावयाचे! मिशिगन विद्यापीठातील एरिका बावर व बार्बरा स्मट्स यांनी २००७ साली आणखी एक गोष्ट नोंदली. खेळात बळकट कुत्रे आपले बळ आपण होऊन आवरते; उताणे पडते, पळताना वेग कमी करते, दुर्बळाला पाठीवर चढू देते. बाजू नेहमी समसमान होतात असे मात्र नाही. काही जोड्यांत एकच कुत्रे वरचढ राहते आणि तरी दोघांचीही खेळण्याची इच्छा टिकते. म्हणजे समानता ही अट नव्हे. संमती ही अट.

अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याला या वर्णनात ओळखीचे काही दिसेल. दोघांनाही लाभदायक असा व्यवहार आहे, पण एकाने दगा दिला तर दुसऱ्याचे मोठे नुकसान होते. असा व्यवहार पोलीस व न्यायालय यांच्यावाचून टिकतो कसा? रॉबर्ट ॲक्सेलरॉड यांनी १९८४ साली सहकार्याच्या उत्क्रांतीवर लिहिलेल्या ग्रंथात याचे जे उत्तर दिले, त्याचा गाभा पुनर्भेटीत आहे. उद्या पुन्हा याच्याशीच गाठ आहे हे ठाऊक असेल तर आज दगा देणे परवडत नाही. बेकॉफ यांचेही निरीक्षण असे की, मुजरा घालून प्रत्यक्षात चावणाऱ्या पिल्लाला पुढे खेळगडी मिळेनासे होतात. कोळीवाड्याच्या पुळणीवरील कुत्र्यांची रोज पुनर्भेट होते. शनिवारी बोटीने येऊन रविवारी परतणाऱ्या कुत्र्याची होत नाही. पुनर्भेटीचा धाक नसलेल्या या एकदाच्या भेटीत भांडण टाळावयाचे तर दोनच गोष्टींचा आधार उरतो : लहानपणी मिळालेले वळण, आणि सोबतच्या माणसाचे शहाणपण.

वळण कधी लागते, याविषयी आता फारसा मतभेद नाही. जॉन पॉल स्कॉट व जॉन फुलर यांनी अमेरिकेतील बार हार्बर येथे वर्षानुवर्षे केलेल्या प्रयोगांचा ग्रंथ १९६५ साली प्रसिद्ध झाला. पिल्लाच्या आयुष्यातील तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यांचा काळ हा सामाजिक शिक्षणाचा काळ, असे त्यांनी त्यात मांडले. या आठवड्यांत पिल्लू भावंडांना चावते, भावंड किंचाळून खेळ सोडून देते, आणि चावणाऱ्याला उमजते की इतक्या जोराने चावले तर खेळ संपतो. दातांचा जोर आवरण्याची ही विद्या त्याला आई व भावंडे देतात; माणसाला ती तितकीशी देता येत नाही, कारण माणसाची कातडी पिल्लाच्या कातडीसारखी नाही आणि त्याचे ओरडणे पिल्लाच्या भाषेतले नाही.

आता दोन्ही पक्षांचे बालपण पाहू. आपल्याकडे मोकाट कुत्र्यांचा वीण हंगाम बहुतांशी पावसाळ्याच्या उत्तरार्धात सुरू होतो आणि पिल्ले हिवाळ्याच्या सुमारास जन्मतात. होडीखाली जन्मलेली पिल्ले तिसऱ्या-चौथ्या आठवड्यात बाहेर येतात, एकमेकांच्या मानगुटीवर बसतात, आईच्या दटावणीने मागे सरतात. शेजारच्या होडीची कुत्री येतात-जातात, पोरे त्यांना उचलतात, कोंबड्या चोच मारतात. चार महिन्यांत त्यांचे शिक्षण पुरे होते. अर्थात ती जगली तर. कोलकात्याच्या भारतीय विज्ञान शिक्षण व संशोधन संस्थेतील अनिंदिता भद्र व त्यांच्या सहकाऱ्यांनी ९५ वेतांतील ३६४ पिल्लांचा मागोवा घेऊन २०१६ साली दाखविले की, त्यांतील सुमारे १९ टक्केच सात महिन्यांपर्यंत पोहोचली, आणि मृत्यूंपैकी ६३ टक्क्यांना कोणत्या ना कोणत्या प्रकारे माणूस कारण होता. तो अभ्यास बंगालमधला. पण कोकणातील पिल्लांचे नशीब फार निराळे असेल असे मानण्यास आधार नाही. या चाळणीतून जे कुत्रे उरते ते बहुधा भांडखोर नसते. भांडण हा त्याला न परवडणारा खर्च असतो. जखम झाली तर त्याला दवाखाना नाही.

विकत घेतलेल्या पिल्लाची गोष्ट वेगळी. कुत्र्यांच्या पैदास व विक्रीविषयीच्या २०१७ च्या केंद्रीय नियमांनी आठ आठवड्यांच्या आतील पिल्लू विकण्यास मनाई केली आहे. हा आकडा वर सांगितलेल्या शिक्षणाशी नेमका जुळतो. परंतु गिऱ्हाइकाला पिल्लू जितके लहान तितके गोजिरे वाटते, विकणाऱ्याला प्रत्येक आठवड्याचे दूध-अन्न महाग पडते. त्यामुळे महिनाभराचे पिल्लूही खोक्यात घालून घरी येते. घरी आल्यावर पशुवैद्य सांगतात की लसी पुऱ्या होईपर्यंत बाहेर नेऊ नका. सल्ला खोटा नाही, पार्व्हो व डिस्टेंपर हे रोग पिल्लांना पटकन मारतात. पण लसी पुऱ्या होईतो सोळावा आठवडा उजाडतो आणि शाळेची वेळ टळून गेलेली असते. मग एक दिवस तीस किलो वजनाचे, प्रेमळ, घरच्यांच्या जिवाचा तुकडा असलेले आणि कुत्र्यांच्या रीतिभातींच्या बाबतीत सर्वस्वी निरक्षर असे जनावर किनाऱ्यावर सोडले जाते. ते दुष्ट नसते, याविषयी शंका नाही. 'ते फक्त खेळायला आले आहे,' हे धन्याचे उद्गारही खरे असतात. समोरच्या कुत्र्याने मात्र खेळायला होकार दिलेला नसतो.

तेव्हा कुत्र्याला सभ्यपणे खेळावयास शिकविणे म्हणजे काय? सर्वांत प्रथम, ते लवकर सुरू करणे. अमेरिकेतील प्राणिवर्तन-पशुवैद्यांच्या संघटनेने २००८ च्या निवेदनात म्हटले आहे की, लसीची पहिली मात्रा टोचल्यावर किमान आठवडा गेला की सातव्या-आठव्या आठवड्यापासून पिल्लाला इतर निरोगी पिल्लांच्या सहवासात नेण्यास हरकत नाही. जागा स्वच्छ असावी, येणाऱ्या पिल्लांच्या लसी झालेल्या असाव्यात, एवढी अट. मुंबईत वा पनवेलीत ज्यांची पिल्ले एका वयाची आहेत अशा चार घरांनी आठवड्यातून दोनदा कोणाच्या तरी गच्चीवर पंधरा-वीस मिनिटे एकत्र यावे. याला विशेष खर्च येत नाही. भुईवर उतरून पाहणारे एक जाणते माणूस मात्र हवे. पिल्लाचे वय टळून गेले असेल तरी निराश होण्याचे कारण नाही. मोठ्या कुत्र्यालाही एखाद्या शांत, वयस्कर, रीतभात जाणणाऱ्या कुत्र्याबरोबर पुष्कळ शिकविता येते. फक्त वेळ अधिक लागतो.

दुसरी गोष्ट हाकेची. जे कुत्रे खेळ अर्धा टाकून हाकेसरशी परत येत नाही ते किनाऱ्यावर सोडण्याच्या योग्यतेचे नाही. ही सवय घरात सुरू होते, मग अंगणात, मग दहा-पंधरा हात लांब दोरी बांधून मोकळ्या मैदानात. पुष्कळ धनी कुत्र्याला एकदाच बोलावतात, ते घरी नेण्याच्या वेळी. कुत्रे मूर्ख नसल्याने हाक म्हणजे सुखाचा शेवट हे ते लगेच शिकते. त्याऐवजी खेळ चालू असताना दर दोन-तीन मिनिटांनी हाक मारावी, आल्यावर खाऊचा तुकडा द्यावा, क्षणभर बसवावे, आणि पुन्हा 'जा' म्हणून सोडावे. थांबल्याने खेळ जात नाही, उलट परत मिळतो, हे एकदा त्याच्या ध्यानात आले की हाक गोड होते. या थांब्यांचा आणखी एक लाभ असा की खेळाचा पारा चढत नाही. शाळेतल्या मुलांची मस्ती भांडणात कशी बदलते हे ज्याने मधल्या सुटीत पाहिले आहे त्याला हे निराळे समजावून सांगावयास नको.

तिसरी गोष्ट वाचनाची. धन्याला कुत्र्याचे अंग वाचता आले पाहिजे. अंग सैल, तोंड उघडे, हालचाली वाकड्यातिकड्या व काहीशा अतिशयोक्त, पाठलागात पाळी बदलत असलेली, मधूनमधून दोघेही थांबून अंग झाडीत असलेले, हा खेळ. अंग ताठ, तोंड मिटलेले, नजर खिळलेली, शेपूट वर आणि काठीसारखी, हालचाल मंद, ही धमकी. एकच कुत्रे सतत पळते आहे, शेपूट पोटाखाली घेतली आहे, माणसांच्या पायांत वा मोटारीखाली शिरू पाहते आहे. तर तो खेळ नव्हे, पाठलाग करणाऱ्याला मौज वाटत असली तरीही. तिघांनी मिळून एकाला घेरले तर क्षणही न दवडता आपले कुत्रे बाहेर काढावे. शंका आली तर एक सोपी परीक्षा आहे. वरचढ कुत्र्याला पट्ट्याने धरून ठेवावे आणि दुसरे काय करते ते पाहावे. ते परत येऊन मुजरा घालू लागले तर खेळ राजीखुशीचा होता. ते चालते झाले तर उत्तर मिळाले.

आणि गुरगुरण्याबद्दल. आपल्या कुत्र्याने दुसऱ्यावर गुरगुरले की भल्या माणसाला लाज वाटते आणि तो त्याला चापट मारतो. ही फार मोठी चूक होय. गुरगुर ही सूचना आहे, 'पुरे' असे सांगणारी. सूचना देण्याबद्दल शिक्षा झाली तर पुढच्या वेळी कुत्रे सूचनेवाचून चावते, आणि मग 'काहीही कारण नसताना चावले' असे आपण म्हणतो. गुरगुरणाऱ्याला दूर न्यावे. सूचना न ऐकणाऱ्याला त्याआधी न्यावे.

किनाऱ्याच्या स्वतःच्याही काही अटी आहेत, आणि त्या शहराच्या बागेत शिकता येत नाहीत. सभ्य कुत्री एकमेकांकडे सरळ रेषेत जात नाहीत. ती वळसा घेऊन, बाजूने, वास घेत येतात. त्याला जागा लागते. ओहोटीच्या वेळी अलिबागेस लोक चालत कुलाबा किल्ल्यात जातात, इतकी वाळू उघडी पडते. त्या वेळी दोन कुत्र्यांना वळसा घ्यावयास हवी तेवढी जागा असते. भरतीला तीच पुळण सुरूच्या बनापर्यंत आक्रसून जाते आणि कुत्री अरुंद पट्टीवर समोरासमोर येतात. वेळ भरतीची असेल तर पट्टा सोडू नये, हा नियम कोणत्याही पुस्तकात नसला तरी किनाऱ्याला लागू आहे. पट्टाही ताणून धरू नये. ताणलेल्या पट्ट्याने कुत्र्याची मान व छाती वर उचलली जाते आणि समोरच्याला ते आव्हानासारखे दिसते. सैल दोरीने, समांतर, वीस-पंचवीस पावलांचे अंतर राखून चालावे. दोन्ही कुत्री जमिनीचा वास घेऊ लागली की अंतर हळूहळू कमी करावे.

वाळवणाच्या जागी तर कुत्रे मोकळे नेऊच नये. बोंबील व जवळा जेथे वाळत घातलेला असतो तेथे गावच्या कुत्र्यांची व कोळिणींची काहीएक तडजोड झालेली असते. कोणी कोठवर यावे हे दोन्ही बाजूंना ठाऊक असते. परक्या कुत्र्याने त्यात धुडगूस घातला तर मासळीचे नुकसान होते आणि हक्काच्या उरल्यासुरल्यावरून भांडण जुंपते ते निराळेच. ज्या हिवाळ्यात पर्यटक सर्वांत अधिक, त्याच हिवाळ्यात होड्यांखाली पिल्ले असतात. पिल्लांची आई दहा पावलांच्या आत येणाऱ्या परक्या कुत्र्यावर धावून जाणारच. तिला आक्रमक ठरविणे म्हणजे घरात शिरलेल्याला हटकणाऱ्या गृहिणीला भांडकुदळ म्हणण्यासारखे आहे. दिवेआगर, हरिहरेश्वर, मारळ या बाजूस त्याच महिन्यांत ऑलिव्ह रिडले जातीची कासवे रात्री अंडी घालण्यास येतात. घरटे उकरणाऱ्यांत कोल्ह्याबरोबर कुत्राही आहे, मग त्याच्या गळ्यात पट्टा असो वा नसो. तेथे रात्री कुत्रे बांधून ठेवणे हा खेळाचा नव्हे, कासवांच्या जिवाचा प्रश्न आहे.

या विवेचनावरून गावची कुत्री सर्वगुणसंपन्न आहेत असा समज होऊ नये. तसे म्हणणे म्हणजे भाबडेपणा होईल. रात्री टोळीने दुचाकीमागे लागणारी, शाळकरी मुलांच्या पोटऱ्या धरणारी कुत्री किनाऱ्यावरही आहेत. हॉटेलांचे खरकटे उघड्यावर पडू लागले तेथे टोळ्या वाढतात. ज्या मुलाला कुत्रे चावले त्याच्या आईला मुजऱ्याचे शास्त्र सांगण्यात काही अर्थ नाही. रेबीजची लक्षणे एकदा दिसू लागली की त्यावर उपाय नाही, ही गोष्ट सर्व चर्चेच्या मुळाशी ठेवली पाहिजे. चावा किंवा ओरखडा कोणत्याही कुत्र्याचा असो, जखम साबण-पाण्याने पंधरा मिनिटे धुणे आणि त्याच दिवशी लस टोचून घेणे यास पर्याय नाही. म्हणूनच सभ्य खेळाची पहिली अट वर्तनाची नसून लसीची आहे, आणि ती दोन्ही प्रकारच्या कुत्र्यांना सारखीच लागू आहे.

ते अशक्य आहे काय? शेजारच्या गोव्याचे उदाहरण आहे. तेथे शासन व मिशन रेबीज ही संस्था यांनी मिळून घरोघर, रस्तोरस्ती कुत्र्यांना लस टोचण्याची मोहीम वर्षानुवर्षे चालविली आणि सुमारे ७० टक्के कुत्र्यांपर्यंत ती पोहोचविली. २०२१ साली गोवा रेबीज-नियंत्रित क्षेत्र म्हणून घोषित झाला. कुत्र्यांतील रेबीज ९२ टक्क्यांनी घटल्याचे २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या शोधनिबंधात नोंदले आहे. तोच समुद्र, तीच मासळी, तशीच पर्यटकांची गर्दी. २०२३ च्या प्राणी जन्मनियंत्रण नियमांनी मोकाट कुत्र्यांच्या नसबंदी व लसीकरणाची जबाबदारी स्थानिक संस्थांवर, म्हणजे पालिकांप्रमाणेच पंचायतींवरही टाकलेली आहे. परंतु किनाऱ्यावरच्या एखाद्या ग्रामपंचायतीचे उत्पन्न पाहता तिने शस्त्रक्रियागृह उभारावे ही अपेक्षा हास्यास्पद ठरते. येथे पैशाचा प्रश्न येतो, आणि तो टाळून चालणार नाही.

शनिवारच्या पाहुण्याचा आनंद त्याचा स्वतःचा. त्याने त्याची किंमत बोटीच्या भाड्यात आणि बंगल्याच्या भाड्यात मोजलेली असते. परंतु त्याच्या मोकळ्या कुत्र्याने जे बिघडविले त्याची किंमत कोणत्याच पावतीवर नसते. ती कोळीण मोजते, होडीखालची कुत्री मोजते, आणि पुढे चिडलेल्या व घाबरलेल्या कुत्र्यांच्या सहवासात राहणारी गावची मुले मोजतात. एकाच्या व्यवहाराचा बोजा व्यवहाराबाहेरच्या तिसऱ्यावर पडणे यालाच अर्थशास्त्रात बाह्य खर्च म्हणतात, आणि त्यावरचा जुना, सर्वमान्य उपाय म्हणजे तो खर्च ज्याचा त्याला भरावयास लावणे. पुळण ही सर्वांची आहे म्हणून ती कोणाच्याच नियमात नाही, असे शहरी माणसाला वाटते. वस्तुतः सामायिक मालमत्ता बेवारस नसते. २००९ साली अर्थशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळालेल्या एलिनॉर ऑस्ट्रॉम यांचे आयुष्य हेच दाखविण्यात गेले की, कुरणे, पाटबंधारे, मासेमारीची पाणथळे अशा सामायिक गोष्टी वापरणारे लोक स्वतःच नियम घालतात व पाळतात, आणि बाहेरचा माणूस ते नियम न विचारता आला की व्यवस्था कोलमडते. कोणाची होडी कोठे ओढावयाची, कोणाचे वाळवण कोठे घालावयाचे, हे कोळीवाड्यात लेखी नसते, ठरलेले असते.

तेव्हा बंगले व हॉटेले भाड्याने देणाऱ्यांनी पाहुण्याच्या कुत्र्यामागे एक लहानसे शुल्क घ्यावे आणि ते पंचायतीच्या लसीकरण खात्यात जावे, ही सूचना अवाजवी वाटू नये. रेबीजच्या लसीचा दाखला पाहिल्याशिवाय कुत्र्याला खोली देऊ नये. काही घरमालक आज पाहुण्याला जेवणाची यादी छापून देतात. त्याच कागदावर गावच्या पुळणीचे नियम मराठीत व इंग्रजीत छापण्यास फारसे काही पडत नाही. दंडाच्या पाट्या लावून काही साधेल असे वाटत नाही. दंड वसूल करणारा माणूस कोठून आणावयाचा? त्यापेक्षा जे पाहुणे वारंवार येतात त्यांनी आपले कुत्रे दर खेपेस त्याच वेळी, त्याच वाटेने, सैल दोरीने फिरवावे. तीन-चार शनिवारांत होडीखालची कुत्री त्याला ओळखू लागतात. पुनर्भेट नव्हती ती अशी घडविता येते. आणि प्रत्येक कुत्र्याला खेळावयाचेच असते असे नाही, हेही ध्यानात असावे. वय वाढते तसे पुष्कळ कुत्र्यांना दोन-चार मित्र पुरतात. बाकीच्यांशी त्यांना सोयरसुतक नसते. अशा कुत्र्याला नुसते पाण्याच्या कडेने चालू द्यावे.

भांडण लागलेच तर मध्ये हात घालू नये; सोडविणाऱ्याच्या हाताला होणारे चावे बहुधा याच घाईतले. पाण्याची बादली, मोठा आवाज, मध्ये सरकविलेली खुर्ची वा फळी यांनी काम भागते. दोन्ही कुत्री सुटली की आपले घेऊन निघावे, जखमा पाहाव्यात, आणि गावच्या कुत्र्यालाही लागले असेल तर त्याच्या औषधपाण्याचे पैसे होडीवाल्याकडे ठेवावेत.

लसीकरणाचे शिबिर भरवावयाचे तर नारळी पौर्णिमेनंतरचे आठवडे सोयीचे. पाऊस ओसरू लागलेला असतो, होड्या पुन्हा पाण्यात गेलेल्या असतात, कुत्री मासळीच्या आशेने सकाळी धक्क्यावर एकत्र जमतात, आणि दिवाळीच्या सुटीची गर्दी सुरू व्हावयास अद्याप अवकाश असतो. त्या सकाळी कोणते कुत्रे कोणाच्या हाकेला येते हे कोळीवाड्यातल्या पोरांना ठाऊक असते. पशुवैद्याने सिरिंज तयार ठेवावी. कुत्रे धरून आणण्याचे काम पोरांवर सोपवावे.